मेरिबेलचं लक्झरी शॅले: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

मेरिबेल या फ्रेंच आल्प्समधल्या स्की रिसॉर्टमध्ये हॉट टबचे फोटो बघून शॅले (डोंगरातला लाकडी बंगला) बुक करू नका, हॉट टब हल्ली जवळपास सगळीकडे असतो. बूट रूम कशी आहे ते विचारा. आमच्या शॅलेत गरम हवेच्या नळ्या होत्या, रात्री त्यावर बूट अडकवले की सकाळी कोरडे आणि कोमट. स्की बूट गार असला की प्लास्टिक एवढं कडक होतं की पाय आत जातच नाही, मग मुलांची रडारड आणि क्लासला उशीर.

आम्ही लंडनच्या काही मराठी फॅमिलींनी मिळून फेब्रुवारीत हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, अख्खं शॅले घेतलं होतं, म्हणजे सगळ्यात महागडा काळ. बुकिंग शनिवार ते शनिवारच मिळालं, आणि शनिवारी अर्धा युरोप पायथ्याच्या मूतिए गावावरून वर चढत असतो त्यामुळे जिनिव्हाहून दोन-अडीच तासात पोचू असं धरूच नका.

गाव मात्र देखणं. पीटर लिंडसे या स्कॉटिश माणसाने 1938 च्या सुमारास हे रिसॉर्ट सुरू केलं, आणि आजही सगळीकडे लाकूड, दगड आणि उतरती छपरं, काँक्रीटचे टॉवर नाहीत.

जाहिरातीत ‘स्की-इन स्की-आउट’ होतं, म्हणजे दारातूनच स्की करत निघायचं आणि दारातच परत यायचं. खरं होतं, पण दारातली पिस्ट (स्कीचा उतार) निळी, म्हणजे सोपी पण अगदी नवशिक्यांची नव्हे, आणि आमच्यातल्या नवशिक्यांना अजून थांबताही येत नव्हतं, ते बिचारे रोज स्की खांद्यावर टाकून बसने अल्टीपोर्टच्या (डोंगरातल्या छोट्या विमानतळाजवळच्या) हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या पिस्टवर. त्यांना शेजारच्या दऱ्यांसकट 600 किलोमीटर पिस्टचा थ्री व्हॅलीज पासही उगाच घेतला, नुसता मेरिबेलचा पुरला असता. पास, भाड्याची स्की, क्लास हे सगळं शॅलेच्या भाड्याबाहेर बरं का.

जेवण केटर्ड, म्हणजे नाश्ता, चार वाजता चहा-केक, रात्री वाइनसकट जेवण. एक दिवस स्टाफची सुट्टी, त्या रात्रीचं टेबल आधीच बुक करून ठेवा. व्हेज आहोत असं कळवलं होतं तर पहिल्या रात्री बेकन वगळून तार्तिफ्लेत (बटाटे आणि चीजचा भाजलेला पदार्थ) आलं. पण त्यातल्या रेब्लोशॉन चीजमध्येच वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, हे कळल्यावर सासूबाईंनी बशी बाजूला सारली ती सारलीच. दुसऱ्या दिवशी त्या थेट किचनमध्ये. शेफ पोरगा गुणी, त्याने आत येऊ दिलं, पण कुकर नाही आणि 1,450 मीटरवर तूरडाळ शिजता शिजेना. मसूर झाली पटकन. सोबत मसूरच न्या.

स्की न करणाऱ्यांनी पायी फिरणाऱ्यांचा पास घेऊन गोंडोलाने सोलीरवर (2,738 मीटर) जावं, हवा स्वच्छ असेल तर माँ ब्लाँ दिसतो. पण आमच्यातले असे लोक बाकी वेळ सोफ्यावरच होते, आणि भाडं मात्र सगळ्यांना सारखंच. ग्रुपमध्ये निम्मे लोक स्की करणार नसतील तर साधं अपार्टमेंट घ्या, किचनही आपल्याच ताब्यात राहतं.