घोडबंदर रस्त्यावरील रोपवाटिकेची झुडूप-तपासणी सेवा

ठाण्यात बागकामाची सेवा देणारे पुष्कळ आहेत. परंतु झुडूप मलूल दिसले की औषध फवारायचे आणि ते दगावले की नवे रोप विकायचे, हीच अनेकांची रीत आहे. कासारवडवलीजवळच्या ज्या रोपवाटिकेचे माळीकाका आमच्या गृहसंकुलाची बाग पाहायला आले, त्यांनी निदान होईपर्यंत फवारणीचा पंप उघडलाही नाही, आणि या सेवेचे खरे मोल मला तिथेच वाटते.

तगरीचे एक अंग वाळलेले होते. काकांनी शेंड्याकडून खाली येत नखाने साल खरवडली. वर आतून तपकिरी आणि कोरडी निघाली, पण जिथे ती हिरवी लागली आणि पांढरा चीक आला, तिथेच, डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या जागेच्या, थोडे वर, तिरपा काप दिला. मुळापासून छाटण्याचा आमचा विचार त्यामुळे रद्द झाला.

भिंतीलगतच्या एक्झोराचे निदान मला सर्वांत मोलाचे वाटते. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. नत्र कमी असते तर आधी जुनी पाने पिवळी पडली असती. बांधकामाचा राडारोडा आणि गिलाव्याचा चुना मिसळल्याने माती अल्कधर्मी होते आणि तिच्यात असलेले लोहही मुळांना घेता येत नाही, म्हणून युरिया टाकण्यात अर्थ नाही, हे त्यांनी माती उकरून, सिमेंटचे खडे हातावर ठेवून समजावले. राडारोडा काढून शेणखत आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, दिल्यानंतर नवी पाने हिरवी येत आहेत.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण कोणालाही ओळखता येतो. तथापि खोडावरची मुंग्यांची रांग आणि पानांवरची काजळी, म्हणजे काळी बुरशी, ही दोन्ही त्याच किडीच्या गोड स्रावामुळे असतात, हे सांगणारा माळी विरळा. किडके शेंडे छाटून पिशवीत बंद केले आणि उरलेल्या झाडावर एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारले.

अनंताची मुळे काळी पडून कुजली होती. ते जगणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तुंबलेला निचरा मोकळा होईपर्यंत तिथे दुसरे रोप लावू नका, असेही बजावले. विक्रीची संधी सोडणारा हा सल्ला मला फार भावला.

उणिवा दोन आहेत. काय करावे याची लेखी नोंद ते देत नाहीत, त्यामुळे पुढची फवारणी केव्हा करायची हे आपणच टिपून ठेवावे लागते. तसेच छाटलेला कचरा उचलण्याचे पैसे वेगळे लागतात आणि ते आधी सांगितले जात नाही, म्हणून बोलावतानाच विचारून घ्यावे. पूर्ण बाग नव्याने उभारायची असल्यास अन्यत्र चौकशी करावी. आजारी झुडपांसाठी मात्र मी यांनाच पुन्हा बोलावीन.