संधिवाताच्या ओपीडीत सोरायसिस मोजताना: प्रश्नावली की तळहात?

कोल्हापुरात संधिवाताची ओपीडी चालवणाऱ्या एका डॉक्टर मैत्रिणीपुढे प्रश्न आहे, की सोरायटिक आर्थ्रायटिसच्या (त्वचेवर चट्टे आणणाऱ्या सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवाताच्या) रुग्णाकडून ‘डीएलक्यूआय’ ही त्वचारोगाचा जगण्यावर किती परिणाम होतो ते विचारणारी प्रश्नावली भरून घ्यावी, की त्याला स्वतःच्या तळहाताने चट्टे मोजायला सांगावे.

खर्च दोन्हींचा नगण्य आहे. वेळ तळहाताला कमी लागतो, कारण बोटांसह आपला तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का, एवढेच समजावायचे असते. मात्र पाठ आणि टाळू स्वतःला दिसत नाहीत, आणि विखुरलेले चट्टे बहुधा जास्तच मोजले जातात.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या डीएलक्यूआयमध्ये गेल्या आठवड्याविषयी १० प्रश्न असून गुण ० ते ३० असतात. १० पेक्षा जास्त गुण म्हणजे जगण्यावर मोठा परिणाम. खाज, संकोच, कपड्यांची निवड हे सारे त्यात येते, परंतु चट्टे किती पसरले ते कळत नाही. ‘लागू नाही’ या उत्तराला शून्य गुण असल्याने खेळ कधीच सोडलेल्या शिरोळकडच्या वयस्क शेतकऱ्याचा त्रास कागदावर कमी दिसू शकतो. कामातला अडथळा त्वचेचा की सुजलेल्या बोटांचा, हेही त्याला वेगळे सांगणे कठीण जाते. आणि लैंगिक अडचणींचा प्रश्न सून वाचून दाखवत असेल, तर उत्तरावर किती विसंबावे?

दर भेटीला चट्ट्यांचा विस्तार ताडायचा असेल तर तळहात पुरे, फक्त पाठ आणि टाळू डॉक्टरांनी पाहावी. उपचार वाढवण्याचा निर्णय असेल, किंवा चट्टे मोजकेच पण चेहऱ्यावर अथवा हातांवर असतील, तर डीएलक्यूआय घ्यावी.