लाकडी शेडसाठी दोन भागांची लांबी (पुट्टी): एक पावसाळा काढल्यानंतर

या लांबीच्या डब्यावर ‘कायमस्वरूपी दुरुस्ती’ असं ठळक अक्षरांत छापलंय, म्हणून हे लिहिणं भाग आहे. बागेतल्या शेडच्या उभ्या फळ्या खालच्या टोकाला कुजल्या होत्या. लांबी, तिला घट्ट करणारा हार्डनर आणि मऊ पडलेलं लाकूड कडक करणारं द्रावण असा पूर्ण संच वापरला. पावसाआधी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

माल वाईट नाही, हे आधी सांगते. हार्डनर मिसळल्यावर काही मिनिटांतच लांबी घट्ट व्हायला लागते, उन्हात तर त्याहून लवकर. म्हणून एका वेळी सुपारीएवढीच कालवायची, नाहीतर निम्मी फुकट जाते. वाळल्यावर रंधा, कानस, पॉलिश पेपर सगळं घेते. जुन्या खिळ्यांची भोकं, गाठ निखळून पडलेला खळगा, दाराच्या कडेचा टवका हे सगळं आजही जसंच्या तसं आहे. रंगावरून बोट फिरवलं तरी जोड कळत नाही.

तक्रार आहे ती फळ्यांच्या खालच्या टोकांबद्दल. पाऊस ओसरल्यावर भरावाच्या कडेने बारीक भेग दिसली. नखाने रंगाचा पापुद्रा उचलला तर भराव टणक, शाबूत. आणि त्याच्यामागचं लाकूड काळपट, ओलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर न लावता आत गेलं. लाकूड ओलावा घेतं तसं रुंदीत फुगतं आणि वाळलं की आकसतं. ही लांबी मात्र जागची हलत नाही. मग दोघांमध्ये फट पडणारच. फटीतून पाणी आत शिरतं आणि वरच्या रंगामुळे त्याला बाहेर पडायला वाव राहत नाही. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी जोर धरते.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, लाकूड नीट वाळवलं नसेल. भरण्याआधी ओलावा मोजायच्या मीटरवर 14 टक्के दिसत होते, तोही फोटो पाठवला. त्यावर आणखी एक डबा फुकट देऊ केला! मला डबा नकोय. डब्यावर एवढंच छापा, की पाणी उडतं त्या टोकांना ही लांबी वापरू नका. लोक यावर पैसे आणि सुट्टीचे दिवस घालवतात.

माझं मत पालटलं ते त्याच भिंतीवरच्या शेजारच्या फळ्यांमुळे. त्या भरण्यापलीकडे गेल्या होत्या, म्हणून सुताराने लाकूड चांगलं लागेपर्यंत खालून कापल्या आणि खाली एक आडवी फळी बसवली. पाऊस तोच, रंग तोच, पण त्या कोरड्या आहेत.

फरक कापलेल्या टोकात आहे. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या फळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जातात, त्यामुळे टोक दर्शनी बाजूपेक्षा कितीतरी पटींनी पाणी ओढतं. सुताराने करवत तिरकी धरली, पुढची कड खाली आणि मागची वर, म्हणजे थेंब पुढच्या कडेवरूनच गळून पडतो. टोकाला बुरशीरोधक द्रावण पिईपर्यंत पाजलं, वाळल्यावर रंगाचे हात दिले. टोक आणि आडवी फळी यांच्यात बोट जाईल एवढी फट सोडली. आडवी फळी जमिनीपासून 150 मिलिमीटर वर ठेवली, कारण जमिनीवर आपटून उडणारं पाणीच खालचं लाकूड खातं. खिळे स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडी खिळ्यांनी ओल्या लाकडावर काळे ओघळ येतात. पुढेमागे आडवी फळी कुजलीच तर तेवढी एकच बदलायची.

फळीच्या मधल्या भागातल्या भोकांसाठी या लांबीला चार तारे. टोकांसाठी एक, तोही डबा उघडायला सोपा आहे म्हणून. भरलेल्या फळ्याही आता खालून कापून घेणार आहे. उरलेली लांबी खिडकीच्या पट्ट्यांना लागेल, पण हार्डनरची ट्यूब उघडल्यावर फार दिवस टिकत नाही, तेव्हा मोठा डबा घेऊ नका.