शंट अडल्याची शंका: सीटी की झटपट एमआरआय?
मेंदूतील पाणी पोटात वाहून नेणारा शंट, म्हणजे बारीक नळी, बसवलेले मूल उलट्या करू लागले आणि सुस्तावले, की घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून ठाण्यातले रुग्णालय गाठणाऱ्या आईवडिलांपुढे तपासणीचा प्रश्न उभा राहतो. सीटी स्कॅन काही सेकंदांत होतो आणि नळीचे टोक स्पष्ट दाखवतो. मात्र अशा मुलाला तो पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि दर वेळी किरणोत्सर्गाची भर पडते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. झटपट एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, काही मिनिटांत मेंदूतील पोकळ्यांचा आकार कळतो. पण नळी तितकी ठळक दिसत नाही. शिवाय कानामागे बोटाला लागणारी शंटची झडप बाहेरून चुंबकाने दाब बदलता येण्याजोगी असेल, तर काही झडपांचा ठरवलेला दाब यंत्रातील चुंबकाने बदलू शकतो, म्हणून तो नंतर पडताळून घ्यावाच लागतो.

मूल बेशुद्धीकडे झुकत असेल तर जे यंत्र आधी मिळेल ते, म्हणजे बहुधा सीटीच. एरवी मी एमआरआयच्या बाजूने आहे. जुन्या फिल्म मात्र सोबत हव्यातच, कारण पोकळ्या वाढल्या का, हे आधीच्या चित्राशी ताडूनच कळते. काही मुलांत तर शंट अडूनही त्या फुगत नाहीत.