डोंगराच्या पायथ्याचे दोन पब आणि मेंढपाळाचे एक घर

पब म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाला कानठळ्या बसवणारे संगीत आणि अंधुक रंगीत दिवे आठवतात. इंग्लंडच्या खेड्यातला जुना पब मात्र वाटसरूच्या मुक्कामातून वाढलेला आहे, आणि डोंगरात चालणाऱ्याला त्याची ओळख उंबरठ्याशीच पटते. गेल्या सप्टेंबरात मी आणि माझी मोठी बहीण कम्ब्रियातील लेक डिस्ट्रिक्टमध्ये तीन दिवस चाललो. बटरमिअरहून निघून एनरडेल आणि वॉसडेल ही खोरी ओलांडत आम्ही लँगडेलमध्ये उतरलो. वाटेत एक साधे हॉस्टेल आणि दोन पब लागले. राजमाचीच्या उधेवाडीत किंवा हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत कुणाच्या ओसरीवर पथारी टाकून झोपलेल्या ट्रेकरांना या तिन्ही जागा मनापासून आवडतील, असे मला वाटते.

केझिकहून येणारी बस बटरमिअरला सोडते. तेथून स्कार्थ गॅप ही खिंड ओलांडली की खाली एनरडेलच्या माथ्याशी पाटीच्या दगडाच्या छपराचे एक बुटके घर दिसते. ते म्हणजे ब्लॅक सेल. हे पूर्वी मेंढपाळांचे घर होते. १९३३ पासून ते वायएचए या संस्थेचे हॉस्टेल आहे. ही संस्था १९३० साली स्थापन झाली. शहरात राबणाऱ्या, मोजकी कमाई असलेल्या तरुणांना गावाकडे आणि डोंगरात स्वस्तात राहता यावे, हा तिचा हेतू होता. ब्लॅक सेलपर्यंत पर्यटकांच्या मोटारींसाठी रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही आणि आजूबाजूला दुसरे घर नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा दोन तास पाऊस अंगावर घेतलेला होता. दारातच व्यवस्थापकाने आमच्या नावाआधी चहा विचारला आणि ओले कपडे कुठे वाळत घालायचे ते दाखवले.

बंक साधे पण स्वच्छ होते, पांघरूण उबदार होते. संध्याकाळी सगळे पाहुणे एकाच खोलीत शेगडीभोवती जेवायला बसले. माझी बहीण शाकाहारी आहे. आम्ही ते आरक्षणाच्या वेळीच कळवले होते आणि तिच्यासाठी वेगळा पदार्थ तयार होता. जेवणानंतर कुणी नकाशा पसरला, कुणी मोजे वाळवत बसले, आणि एका वृद्ध जोडप्याने दुसऱ्या दिवशीच्या वाटेवरचा निसरडा टप्पा आम्हाला नकाशावर बोट ठेवून समजावला. रात्री पाऊस थांबल्यावर बाहेर आले, तर समोर ग्रेट गेबल या डोंगराचा काळा आकार आणि ओढ्याचा आवाज यांखेरीज काही नव्हते. तीन मुक्कामांत मी या घराला निःसंशय पहिला क्रम देईन. एकांत हवा असलेल्याला एकाच खोलीतले सामायिक झोपणे जड जाईल, हे मात्र आधी लक्षात घ्यावे. खाटा मोजक्या असल्यामुळे उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी काही महिने आधी आरक्षण करावे लागते.

दुसऱ्या दिवशी ब्लॅक सेल खिंड चढून मोझडेलमधून उतरलो. पायवाट ओढ्यावरच्या एका जुन्या, कमानीच्या दगडी पुलाजवळ येते. एके काळी ओझी लादलेली तट्टे ज्यांवरून जात, त्या पुलांपैकी हा एक आहे, आणि त्याला लागूनच वॉसडेल हेड इन हा पब उभा आहे. चारही बाजूंना गडगे आहेत. कोकणातल्यासारखेच, चुन्याशिवाय रचलेले, फक्त उंचीने अधिक आणि डोंगराच्या अंगावर दूरवर चढत गेलेले. इंग्लंडचे सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक (९७८ मीटर) येथून चढतात, आणि देशातील सर्वांत खोल तळे वॉस्टवॉटर याच खोऱ्यात आहे. विल रिटसन (१८०८–१८९०) हे येथले गाजलेले पबमालक. आपल्या खोऱ्यातले सलगम इतके मोठे होतात की लोक ते खाणीसारखे पोखरतात आणि मग आत मेंढ्या बांधतात, असे ते पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगत. त्यांच्या स्मरणार्थ जवळच्या सँटन ब्रिज येथे दर नोव्हेंबरात सर्वांत मोठ्या थापाड्याची स्पर्धा भरते.

माझ्या दृष्टीने या पबचे मोल त्याहून वेगळे आहे. १८८६ साली हॅस्केट स्मिथ यांनी ग्रेट गेबलवरचा नेप्स नीडल हा सुळका एकट्याने सर केला. ब्रिटनमधील खडक-आरोहणाचा प्रारंभ अनेक जण तेथून मानतात, आणि त्या पहिल्या पिढ्यांचा तळ याच पबमध्ये असे. रिटसन यांच्या नावाच्या बारमध्ये बसून भिंतीवरची आरोहकांची छायाचित्रे पाहताना खिडकीबाहेर तेच डोंगर दिसतात. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्या माझ्या मित्रांना मला एकदा तरी येथे आणायचे आहे. आमची खोली छोटी होती, पण रात्र शांत गेली. पैशांच्या मानाने मात्र ब्लॅक सेलशी या मुक्कामाची तुलना होत नाही. खर्च मोजून फिरणाऱ्याने जवळच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मैदानात तंबू टाकावा आणि संध्याकाळ बारमध्ये घालवावी.

येथे बिअरबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण भारतातून आलेले अनेक जण पहिल्या घोटालाच ‘ही तर गरम आहे’ म्हणून ग्लास बाजूला ठेवतात. पिंपातली पारंपरिक बिअर, म्हणजे एल, पबच्या तळघरात आली तरी तिचे आंबणे चालूच असते. तिच्यात बाहेरून वायू भरत नाहीत. ती हातपंपाने ओढून साधारण ११ ते १३ अंश सेल्सियसला देतात, कारण बर्फासारखी थंड केली तर तिची चव दबते. पिंप उघडल्यावर ते तीनेक दिवसांत संपवावे लागते, म्हणून गिऱ्हाईक नसलेल्या पबला ही बिअर ठेवणे परवडत नाही. चांगली एल मिळणे हे पब जिवंत असल्याचे लक्षण आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या कॅमरा या ग्राहक संघटनेने या पद्धतीसाठी लढा दिला नसता, तर ती बहुधा नामशेष झाली असती. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. नवख्याने अर्धा पाइंट मागावा, त्यात कमीपणा नाही. माझी बहीण मद्य घेत नाही. तिने तिन्ही ठिकाणी चहा किंवा जिंजर बिअर हे आल्याचे मद्यरहित पेय घेतले आणि कुणी एका शब्दाने आग्रह केला नाही.

तिसरा दिवस सर्वांत लांब होता. स्टाय हेड व एस्क हॉज या खिंडी आणि अँगल टार्नचे तळे मागे टाकून आम्ही रॉसेट गिलच्या घळीने उतरलो, तेव्हा गुडघे बोलत होते. लँगडेल खोऱ्याच्या माथ्याशी ओल्ड डंजन गिल हे हॉटेल आहे. इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेलियन यांनी ते नॅशनल ट्रस्टला दिले. त्याचा हायकर्स बार हा पूर्वी गाईंचा गोठा होता आणि गव्हाणींचे कप्पे आजही तसेच आहेत. त्या कप्प्यांतच बाके टाकली आहेत. चिखलाचे बूट, निथळणारी सॅक, पायाशी झोपलेला कुत्रा, कशालाच येथे हरकत नसते. टेबलाशी कुणी विचारायला येत नाही. काउंटरवर जाऊन सांगायचे, तिथेच पैसे द्यायचे, टिप अपेक्षित नसते. रांग दिसत नाही, पण कोण आधी आले हे काउंटरमागच्या माणसाला ठाऊक असते, म्हणून हात उंचावून बोलावू नये. बसायला मऊ काही नाही आणि गर्दीच्या वेळी उभे राहावे लागते. तरीही थकलेल्या माणसाला आपण कसे दिसतो याची काळजी करावी न लागणे, हे सुख मला येथे पुरेपूर मिळाले.

सगळेच पब असे निघत नाहीत. आदल्या वर्षी दुसऱ्या एका खोऱ्यात आम्ही भिजलेल्या अवस्थेत रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो, तर स्वयंपाकघर आठलाच बंद झाले होते. साधा ब्रेडही मिळाला नाही. खोलीत बिस्किटे खाऊन झोपलो. त्या रात्रीचे मला आजही वाईट वाटते, कारण वाटसरूला जेवू घालणे हेच अशा घराचे मूळ काम आहे. म्हणून खोली आरक्षित करताना जेवणाची शेवटची वेळ फोनवर विचारून ठेवावी. सोबत पूर्ण जलरोधक कपडे घ्यावेत. या डोंगरांच्याच कुशीतल्या सीथवेट गावी वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरात याहून अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत, आणि येथे बारा महिने. कागदी नकाशा, टॉर्च आणि थोडी रोकडही जवळ असावी. परतीसाठी ५१६ क्रमांकाची बस ओल्ड डंजन गिलपासूनच अँबलसाइडला जाते. तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत, तेव्हा वेळापत्रक पाहूनच दुसरा ग्लास मागवावा.