रविवारी उघडं असणारं दुकान

झुरिचच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. ट्योसटालच्या चढावर एका गोठ्याला लागूनच हे दुकान आहे. दुकान कसलं, लाकडी खोली, फ्रीज, दुधाचं मशीन आणि पैशांची डबी. गल्ल्यावर माणूस नाही. घेतलं ते वहीत लिहायचं आणि नाणी टाकायची, नाहीतर ट्विंट (मोबाईलवरून पैसे देण्याचं ॲप) करायचं. रविवारी मिग्रो-कोपसारखी सुपरमार्केटं बंद असतात, हे मात्र उघडं.

दुधासाठी तरी जाच. दूध कच्चं आहे, 'तापवूनच प्या' अशी पाटी आहे. आपण दूध तापवतोच, त्यामुळे ती आपल्याला वाचायची गरज नाही. साय अशी धरते की आईने पहिल्याच दिवशी तुपासाठी वेगळं भांडं काढलं. दही सुरीने कापावं असं लागतं. बटाटे मात्र विचारून घ्या. शिजल्यावर घट्ट राहणारी जात असली तर वड्याचं सारण चिकट होतं. सप्टेंबरात आंबटगोड प्लम येतात, त्यांची चटणी फर्मास होते. अंडी दुपारपर्यंत संपतात, आणि स्वस्त तर काहीच नाही.

वाईला हळद लावणारे माझे बाबा तिथे आले, तेव्हा त्यांचं लक्ष मालाकडे नव्हतंच. "एवढ्या उतारावर गवत कापायचं, याला परवडतं कसं?" शेतकरी हसला आणि म्हणाला, नुसत्या दुधावर नाहीच परवडत. उताराचे सरकारकडून वेगळे पैसे मिळतात, जुन्या उंच फळझाडांचे झाडामागे मिळतात, गुरं उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर नेली की त्याचेही. त्यासाठी निदान ७ टक्के जमीन फुलं, पाखरं, कुंपणाची झुडपं यांच्यासाठी राखायची. शेतीने अन्नाबरोबर निसर्ग जपावा आणि डोंगरातली गावं वसती ठेवावीत, असं इथल्या राज्यघटनेच्या १०४व्या कलमातच आहे. १९९६ साली लोकांनी मतदान करून ते घातलं. दरवर्षी सुमारे २.८ अब्ज फ्रँक असे थेट शेतकऱ्यांना जातात. (२०१८ मध्ये गाईंची शिंगं न काढता राखणाऱ्यांना अनुदान द्यावं का, यावरही देशभर मतदान झालं. प्रस्ताव पडला. या गोठ्यातल्या दोघींना शिंगं आहेत, पोरांना आवडतात.)

म्हणजे दुधाचे थोडे पैसे आपण कर भरतानाच देऊन आलेले असतो. माझी त्याला हरकत नाही. ती पायवाट, ती झाडं आपणही वापरतोच.

बाबांना मात्र ते झोंबलं. याच देशात, जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेचे नियम ठरतात. निसर्ग राखण्याचे पैसे तिथे 'हिरव्या पेटी'त, म्हणजे व्यापार फारसा न बिघडवणाऱ्या अनुदानांत, जातात. त्यांना कमाल मर्यादा नाही. आपलं सरकार रेशनसाठी हमीभावाने गहू-तांदूळ घेतं, तेव्हा त्यातला आधार मोजायला १९८६-८८च्या किमती लावतात आणि पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा दाखवतात. २०१३ साली संघटनेच्या बालीतल्या परिषदेत, मर्यादा ओलांडली तरी तक्रार होणार नाही अशी तात्पुरती सवलत मिळाली, कायमचा तोडगा अजून लटकलेलाच. गरिबाच्या ताटातला भात हा समाजाचा फायदा नाही तर काय? त्या शेतकऱ्याशी भांडण नाही, त्याचा हिशेब रास्तच आहे. तोच आपल्यालाही लावा, एवढंच.

दुकानाला पाचपैकी चार. एक अंड्यांसाठी कापला. बाटली घरून न्या, तिथली विकत घ्यावी लागते, आणि सुटे पैसे ठेवा. डोंगरात रेंज गेली की ट्विंट चालत नाही.