रस्ता खोदाईची एकत्रित परवानगी: खिडकी एक, टेबलं दोन

नळजोडणीची कामं घेतो, त्यामुळे रस्ता खोदायची परवानगी हा माझा नेहमीचा जाच. पाइप नगरपालिकेचा, पण वरचा डांबरी रस्ता राज्याच्या बांधकाम खात्याचा. पूर्वी पालिका म्हणायची, "आधी त्यांचा ना-हरकत दाखला आणा." खातं म्हणायचं, "आधी पालिकेचं पत्र आणा." मधल्यामधे माझा चेंडू.

आता दोघांचा मिळून एकच ऑनलाइन अर्ज आहे. गेल्या महिन्यात पहिल्यांदा वापरला. नकाशा एकदाच चढवायचा, तो दोन्हीकडे दिसतो. मला खरं आवडलं ते हे, की अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे ते तारखेसकट कळतं. उगाच साहेबांच्या दाराशी ताटकळणं नाही. ९व्या दिवशी परवानगी हातात! एरवी दीड महिना सहज जायचा.

अनामत रकमेचा घोळ मात्र तसाच. पैसे भरायचे एकीकडे, परत मागायचे दुसरीकडे, आणि तिथे पुन्हा कागदी अर्ज, झेरॉक्सच्या तीन प्रतींसकट. शिवाय चर बुजवल्यावर दोन्हीकडचे इंजिनिअर पाहणीला वेगवेगळ्या दिवशी आले. पहिल्याने भराव थराथराने दाबलाय का, ते सळई खुपसून पाहिलं. दुसऱ्याने गाडीतूनच मान डोलावली. (भराव नीट दाबला नाही तर पहिल्याच पावसात रस्ता खचतो आणि शिव्या मी खातो.)

पाचपैकी साडेतीन तारे. अनामत परत आली की चार करीन.